डुकरांनी खाल्लेले प्लॉट आणि सरासरीचं ठिगळ

बांधावरचा: कालच्या धाग्यात एका महाशयांनी सल्ला दिलाय: मक्याच्या आरबीडीतले (शेजारच्या प्लॉटांचे ब्लॉक पाडून प्रत्येकात सगळ्या ट्रीटमेंट चिठ्ठ्या टाकून वाटलेला प्रयोग) दोन प्लॉट रानडुकरांनी खाल्ले, तर त्यांच्या जागी त्या ट्रीटमेंटची (खताची मात्रा वगैरे, जे तपासायचं ते) सरासरी टाका नि पुढे चला, काही फरक पडत नाही. डोकंच फिरलं. पाच ट्रीटमेंट, चार रेप्लिकेशन (प्रत्येकीचे चार प्लॉट), एरर डीएफ, म्हणजे योगायोगाचा फरक मोजायला उरलेले मोकळे आकडे, १२. त्यातले दोन आकडे तुम्ही घरी बसून भरले, म्हणजे डीएफ १०. पाच टक्के पातळीला टेबलातला एफ (आपला याच्या वर आला तरच फरक खरा मानायचा) ३.२६ वरून ३.४८ वर जातो. तुमचा ३.४ आला असेल तर 'सिग्निफिकंट'चा शिक्का फुकटचा! वर १२ ने भागलं की एरर मीन स्क्वेअर (योगायोगाच्या फरकाचं माप) लहान दिसतो, सीडी (दोन ट्रीटमेंटमधला फरक खरा मानायला लागणारं किमान अंतर) आखडते. संख्याशास्त्रज्ञ येट्सने १९३३ मध्येच गेलेले आकडे भरायचं सूत्र देऊन हे निस्तरून ठेवलंय.

सरळरेषा: ते महाशय मीच. गाइडने सांगितलं तसं केलं, व्हायवात (तोंडी परीक्षेत) कुणी हूं की चूं केलं नाही. थीसिस जमा करायची तारीख येट्स वाढवून देणार होता का?

जुना वाफा: डीएफवर काय भांडताय? डुकरं काय चिठ्ठ्या टाकून प्लॉट निवडतात? जंगलाकडची रांग आधी जाते, ते एक वेळ ब्लॉक सावरून घेईल. पण आमच्याकडे जास्त नत्राचे, दाणा आधी भरलेले प्लॉटच नेमके गेले. उत्पन्न चांगलं म्हणूनच प्लॉट गेला असेल, तर येट्सच्या सूत्राने भरलेला आकडाही कमीच येणार, आणि सगळ्यात सरस ट्रीटमेंट मार खाणार. संख्याशास्त्रज्ञ रुबिनने १९७६ मध्ये हाच मुद्दा मांडला: आकडा का गेला ते आधी बघा.

खोचक: डुकरांचा विषय निघालाच आहे तर, आमच्या पंचनाम्याला माणूस आला तोवर शेतात ना कणसं ना खुरांचे ठसे. नुकसान 'अंदाजे'. हे कुठल्या सूत्रात बसतं?

सरळरेषा: आम्ही कुंपणाच्या तारेला झटका मशीन लावलं होतं. बॅटरीच चोरीला गेली.

खोचक: बॅटरी उघड्यावर ठेवल्यावर दुसरं काय होणार!

सरळरेषा: तुम्ही या मग रात्री मचाणावर बसायला.

बांधावरचा: धागा संख्याशास्त्राचा आहे हो!

सरळरेषा: बरं बाबा, डीएफ दोनने कमी करतो, झालं समाधान? पण 'का गेला' हे लिहिलं तर गाइड म्हणणार, प्रयोग परत घाल. खरीप तुम्ही देणार?

जुना वाफा: परत कशाला? कुठल्या ट्रीटमेंटचे, कुठल्या रांगेतले, पेरणीनंतर कितव्या दिवशी गेले, एवढं तरी छापा. मग भरलेले आकडे दहा-वीस टक्के वाढवून विश्लेषण पुन्हा चालवा. निकाल फिरला तर तसं लिहा.

खोचक: आणि मशीनला कुलूप लावा.