ओ काका, ओ मावशी : अनोळखी माणसांच्या हाकांचे अनुभव

गेल्या पावसाळ्यात माझी आई अकरा दिवस ठाण्याच्या एका रुग्णालयात होती. वय ८१, स्मरणशक्ती शाबूत, स्वभाव करारी. दाखल झाल्या दिवसापासून डॉक्टर, परिचारिका, रक्त घ्यायला येणारा मुलगा अशा सगळ्यांनीच तिला ‘आजी’ करून टाकले. ‘आजी, शहाण्यासारखं जेवायचं हं’ असे कोणी म्हटले की ती भिंतीकडे तोंड करून पडून राहत असे. नवव्या रात्री पाळीवर आलेल्या एका शिकाऊ परिचारिकेने सुई हातात घेण्याआधी विचारले, ‘तुम्हाला घरी काय म्हणतात?’ आई म्हणाली, ‘अक्का.’ त्या मुलीने ‘अक्का, थोडं दुखेल’ एवढेच म्हटले, आणि आईने स्वतःच बाही वर सरकवली.

परक्या माणसाला नात्याने हाक मारणे ही आपल्याकडे सभ्यता मानली जाते आणि नुसते ‘ओ’ म्हणणे उद्धटपणाचे वाटते, हे मला मान्य आहे. तरीही कोणी आपल्याला न विचारता एखाद्या नात्यात बसवले की कधी बरे वाटते आणि कधी मन आखडते, असे का होत असावे, हा प्रश्न त्या रात्रीपासून माझ्या मनात आहे. आपल्या लक्षात राहिलेली अशी एखादी हाक, ती कोणी आणि कुठे मारली, आणि त्या क्षणी आपल्याला काय वाटले, हे कृपया सविस्तर लिहावे. माझ्यापेक्षा वेगळे मत असेल तर तेही अवश्य लिहावे.

निवृत्त शिक्षिका, सातारा

जिल्हा परिषदेच्या शाळेत मी ३३ वर्षे ‘बाई’ होते. ‘बाई, आत येऊ का?’, ‘बाई, यानं माझी पेन्सिल घेतली’ ही हाक कानावर पडली नाही असा कामाचा एकही दिवस मला आठवत नाही. अहिल्याबाई, लक्ष्मीबाई, रमाबाई या नावांतला ‘बाई’ मानाचाच आहे, आणि मला त्या शब्दाचा अभिमान होता. निवृत्तीनंतर मी मुलाकडे पुण्याला गेले. पहिल्याच आठवड्यात भाजी घेऊन परतताना दारावरच्या नव्या रखवालदाराने मला थांबवले आणि वर फोन करून विचारले, ‘एक बाई आल्यात, सोडू का?’ माझी सून धावत खाली आली आणि त्याला रागावली : ‘बाई काय म्हणता? मॅडम म्हणा.’

त्या रखवालदाराचे मला काहीच वाटले नाही. वाईट वाटले ते सुनेच्या वाक्याचे, आणि तिने ते माझ्या प्रेमापोटी म्हटले होते म्हणून अधिकच वाटले. जो शब्द मी तेहतीस वर्षे अंगावर वागवला, तो आता माझ्या बाजूने दुरुस्त करावा लागत होता. घरकाम करणाऱ्या स्त्रीला ‘बाई’ म्हणतात म्हणून तो शब्द खालचा झाला असेल, तर खालचे आपण त्या स्त्रीला मानले आहे, यात शब्दाचा काय दोष?

रिक्षाचालक, पुणे

माझे वय ३६ आहे. महाविद्यालयातील मुले मला ‘काका’ म्हणतात आणि त्यांच्या आया ‘दादा’ म्हणतात. मला दोन्हींचे काही वाटत नाही. वाईट वाटते ते ‘ए रिक्षा’ या हाकेचे. हाक वाहनाला मारलेली असते आणि ओ मात्र मला द्यावी लागते.

दुकानदार, मुंबई

माझे आजोबा जौनपूर जिल्ह्यातून मुंबईत आले आणि जोगेश्वरीच्या एका तबेल्यात कामाला लागले. माझे वडील इथेच जन्मले. मी मराठी माध्यमाच्या शाळेत शिकलो, माझी मुलगी याच भाषेत भांडते आणि याच भाषेत रडते. आमचे खिळे, कड्या, रंग, ब्रश असे किरकोळ सामानाचे दुकान आहे आणि शेजारी संगमेश्वरच्या एका कुटुंबाचे भांड्यांचे दुकान आहे. मागच्या महिन्यात एक बाई माझ्याकडे आल्या आणि हिंदीत म्हणाल्या, ‘भैया, ये कड़ी कितने की?’ मी मराठीत किंमत सांगितली. त्यांनी पुढचा प्रश्नही हिंदीतच विचारला, मी पुन्हा मराठीत उत्तर दिले. पैसे देऊन त्या शेजारच्या दुकानात गेल्या आणि तिथे म्हणाल्या, ‘दादा, ही कढई केवढ्याला?’

त्यांच्या बोलण्यात तिरस्कार अजिबात नव्हता, उलट त्या अदबीनेच बोलत होत्या, म्हणूनच हा प्रसंग मी विसरू शकलो नाही. दोन्ही शब्दांचा अर्थ भाऊच. माझी आजी माझ्या वडिलांना ‘भैया’ म्हणायची तेव्हा त्यात सगळी माया असायची. मुंबईत तोच शब्द माझ्याकडे येतो तेव्हा त्यात भाऊ कुठेच नसतो, फक्त माझे गाव असते, आणि ते गाव मी आयुष्यात दोनदाच पाहिलेले आहे.

गृहिणी, वाई

एसटीच्या वाहकाने भर गर्दीत मला विचारले, ‘आजी, फुकट का अर्धं?’ ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरील प्रवाशांना मोफत प्रवास आहे आणि मार्च २०२३ पासून सर्व स्त्रियांना अर्धे तिकीट आहे, त्यामुळे वाहकाला वयाचा अंदाज करावाच लागतो, हे मला समजते. मात्र मी ६१ वर्षांची आहे. ‘कुठलं तिकीट देऊ?’ एवढे पुरले असते. केस रंगवणे मी विचारपूर्वक सोडले होते. त्या दिवसानंतर आठवडाभर आरशासमोर माझा तो विचार डळमळत होता.

बँक कर्मचारी, नाशिक

मी ४३ वर्षांची आहे आणि अविवाहित आहे. साडीच्या दुकानात ‘वहिनी, हा रंग साहेबांना नक्की आवडेल’ हे वाक्य मी इतक्यांदा ऐकले आहे की आता मी खुलासा करत नाही, दुकान बदलते. ‘ताई’ म्हटलेले मला आवडते, कारण ताई होण्यासाठी मध्ये कोणी पुरुष असावा लागत नाही.

सेवानिवृत्त लिपिक, सोलापूर

माझे मत या सगळ्यांहून वेगळे आहे. पत्नी गेल्यापासून मी एकटा राहतो. काही दिवस असे जातात की दिवसभरात माझ्याशी बोललेला एकच आवाज असतो, आणि तो दुधाची पिशवी देणाऱ्या मुलाचा असतो : ‘आजोबा, दार उघडा.’ मला सख्खे नातवंड नाही. त्याने उद्यापासून मला आडनावाने हाक मारायला सुरुवात केली, तर माझे काय उरेल?

परिचारिका, नॉटिंगहॅम

मी २०११ साली इथे आले तेव्हा पहिल्याच दिवशी बसचालकाने मला ‘डक’ म्हटले. बदक का म्हटले असेल, या विचाराने मी संध्याकाळपर्यंत अस्वस्थ होते. पुढे कळले की या भागात बाई-पुरुष, म्हातारे-तरुण, गोरे-काळे सगळ्यांना ‘डक’च म्हणतात, जसे यॉर्कशरमध्ये ‘लव्ह’ आणि न्यूकॅसलकडे ‘पेट’ म्हणतात. ती हाक सर्वांना सारखीच मिळते हे लक्षात आल्यापासून ती मला आवडू लागली.

रुग्णालयात मात्र आम्ही ती वापरत नाही. रुग्ण दाखल झाला की त्याला कोणत्या नावाने हाक मारलेली आवडेल, हे विचारून पलंगाजवळच्या फळ्यावर लिहायचे असते. डॉ. केट ग्रेंजर या इथल्या डॉक्टर स्वतः कर्करोगाच्या रुग्ण म्हणून दाखल झाल्या, तेव्हा उपचार करणारे आपले नावसुद्धा सांगत नाहीत, हे त्यांच्या ध्यानात आले, आणि २०१३ साली त्यांनी ‘हॅलो, माय नेम इज’ ही मोहीम सुरू केली. २०१६ साली त्या गेल्या, परंतु ती सवय आमच्यात राहिली. ठाण्याच्या अक्कांना प्रश्न विचारणाऱ्या त्या शिकाऊ मुलीला हे कोणी शिकवले नसेल, तर तिचे मला अधिकच कौतुक वाटते.

शासकीय कर्मचारी, वर्धा

इथे बहुतेकांनी वाढवून दिलेल्या नात्यांविषयी लिहिले आहे. मला तोडून टाकलेल्या नावाविषयी लिहायचे आहे. माझ्या आजोबांना देवाचे चांगले चार अक्षरी नाव होते, पण गावात ते पूर्ण कोणी उच्चारत नसे. अर्धे तोडायचे, शेवटी ‘या’ जोडायचा आणि ‘अरे’ म्हणायचे. ज्या मुलांना नीट धोतरही नेसता येत नव्हते ती मुले आजोबांच्या वयाच्या माणसाला या नावाने रस्त्यावरून हाक मारत, आणि आजोबा ‘जी मालक’ म्हणून उभे राहत. हे मला आजीने सांगितले, आणि सांगताना तिने ते तोडलेले नाव एकदाही तोंडून काढले नाही.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी आजोबा नागपूरला दीक्षा घेऊन आले. त्यानंतर त्या हाकेला ओ देणे त्यांनी सोडले. दोन हंगामांची मजुरी बुडाली, तरी सोडले. आमच्या घरी येणारा अनोळखी माणूसही ‘जय भीम’ म्हणतो. त्या दोन शब्दांत मला काका किंवा दादा व्हावे लागत नाही, आणि तरीही परके राहत नाही. म्हणून एखादी नवी व्यक्ती पहिल्याच भेटीत माझे नाव तोडून हाक मारते आणि मी हरकत घेतल्यावर ‘अहो, लाडानं म्हटलं’ असे सांगते, तेव्हा ते उत्तर मला पुरत नाही. लाड करण्याचा अधिकार आधी मिळवावा लागतो.

लेखा परीक्षक, पुणे

काही वर्षांपूर्वी मी पहिल्यांदा आळंदी ते पंढरपूर चाललो. हडपसर सोडल्यानंतर दिवे घाटाच्या चढावर माझा पाय मुरगळला आणि मी कडेला बसलो. एक वृद्ध शेतकरी जवळ आले, ‘काय झालं, माऊली?’ म्हणाले आणि मी काही बोलायच्या आत माझा बूट काढून घोट्याला तेल चोळू लागले. ज्यांना ज्ञानेश्वर महाराजांसाठी राखलेले नाव मला देताना क्षणभर विचार करावा लागला नाही, त्यांच्यासमोर मला माझ्या पदव्यांसकट फार लहान झाल्यासारखे वाटले. वारीत पोलीसही ‘माऊली, डावीकडून चला’ म्हणतात आणि चहा देणाराही माऊली असतो. वय, जात, स्त्री-पुरुष यांपैकी काहीही पाहून ती हाक बदलत नाही. मला आयुष्यात खटकलेल्या सगळ्या हाका मी आठवून पाहिल्या. त्या प्रत्येक हाकेआधी समोरच्याने मला डोक्यापासून पायापर्यंत एकदा पाहून घेतलेले होते.

औषध विक्रेती, छत्रपती संभाजीनगर

माझी आई एका मोठ्या रुग्णालयात २६ वर्षे आया होती. तिथे वॉर्डबॉय म्हणजे ‘मामा’ आणि आया म्हणजे ‘मावशी’. ‘मावशी, भांडं द्या’, ‘मावशी, चादर बदला’ असे दिवसातून शंभरदा. ती तक्रार करत नसे. रुग्णांनी म्हटलेले ‘मावशी’ तिला मनापासून आवडे, असे ती आजही सांगते. निवृत्तीच्या दिवशी निरोप समारंभ ठेवला होता. मी, भाऊ आणि वडील पहिल्या रांगेत बसलो होतो. सूत्रसंचालन करणाऱ्यांनी शाल-श्रीफळासाठी ‘आपल्या लाडक्या मावशी’ असे पुकारले आणि मग मानपत्र वाचायला घेतले. नावाची जागा त्यात कोरी होती. त्यांनी ध्वनिक्षेपकावर हात ठेवून शेजारच्यांना हळूच विचारले, त्यांनी त्यांच्या शेजारच्यांना विचारले. आई व्यासपीठावर सगळे पाहत होती. ती दोन पावले पुढे आली, त्यांच्या हातून ध्वनिक्षेपक घेतला आणि स्वतःचे नाव, वडिलांचे नाव, नवऱ्याचे नाव आणि आडनाव, असे सगळे सावकाश सांगितले.