तंबूबाहेर रात्री ऐकू आलेला आवाज कोणाचा असावा?

प्रश्न : गेल्या शनिवारी आम्ही चौघे त्र्यंबकेश्वरजवळच्या डोंगरपायथ्याशी, वनविभागाची परवानगी घेऊन, मुक्कामाला होतो. रात्री दोनच्या सुमारास करवतीने लाकूड कापावे तसा खरखरीत, थांबून थांबून येणारा आवाज ऐकू आला आणि विजेरी फिरवली तेव्हा झाडीत दोन डोळे चमकले. तो बिबट्या असेल का, आणि अशा वेळी काय करावे?

प्रतिसाद १ (इगतपुरी) : वर्णन बिबट्याच्या आवाजाशी तंतोतंत जुळते. केवळ डोळ्यांच्या चमकेवरून मात्र प्राणी ठरवू नये, कारण दृष्टिपटलामागील परावर्तक थरामुळे उदमांजराचे आणि कोल्ह्याचे डोळेही तसेच चमकतात. बिबट्या समोर आल्यास पळू नये, खाली वाकू नये. सर्वांनी एकत्र उभे राहून मोठ्याने बोलत हळूहळू मागे सरकावे. पाळीव कुत्रा सोबत नेणे टाळावे, कारण कुत्रा हे बिबट्याचे आवडते भक्ष्य आहे.

प्रतिसाद २ (पेठ) : मला बिबट्यापेक्षा मण्यारीची काळजी अधिक वाटते. ती रात्री फिरते, जमिनीवरच्या अंथरुणात शिरते आणि तिचा दंश बहुधा दुखत नाही, त्यामुळे झोपलेल्या माणसाला तो कळतही नाही. तंबूची चेन पूर्ण लावावी, बूट झटकूनच घालावेत आणि दंशाची नुसती शंका आली तरी थेट रुग्णालय गाठावे.

प्रश्नकर्ता : मनापासून आभार. आमचे बूट रात्रभर बाहेरच होते. वनविभागाचा १९२६ हा क्रमांक आता जवळ ठेवला आहे.