मदत हवी आहे: गाडीची बॅटरी ओव्हरचार्ज होतेय का?

राम राम मंडळी. मी भुसावळचा, इथलं ऊन तुम्हाला माहीतच आहे. जुन्या पेट्रोल गाडीची बॅटरी दर पंधरवड्याला डिस्टिल्ड वॉटर मागते. काल बॅटरीला व्होल्टमीटर लावला (मीटरचा सेल नवाच आहे, आधीच सांगतो): रात्रभर उभी असताना 12.6 व्होल्ट, इंजिन चालू केल्यावर थेट 15.1! हेडलाइट लावूनही 14.9. माझ्या समजुतीने 13.8 ते 14.4 हवं, आणि उन्हात तर रेग्युलेटरने (चार्जिंगचं व्होल्टेज काबूत ठेवणारा भाग) व्होल्टेज उलट थोडं उतरवायला हवं. इलेक्ट्रिशियन म्हणतो, अख्खा ऑल्टरनेटर (इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणारं जनित्र) बदला. मला रेग्युलेटरवर नाहीतर त्याच्या अर्थिंगवर (गाडीच्या बॉडीशी असलेल्या निगेटिव्ह जोडणीवर) संशय आहे. नुसता रेग्युलेटर बदलून भागतं का? अर्थिंग घरी कशी तपासू? रविवारी धुळ्याला लग्न आहे, तोवर गाडी काढू की बसनेच जाऊ?