मध्ययुगीन दंतकथेवर कॅम्पेन बेतायचंय, कोणती कथा घेऊ?

हळदीचं पेव (सांगली)
नमस्कार मंडळी. विश्रामबागेतला आमचा पाच जणांचा ग्रुप रविवारी डी अँड डी (डन्जन्स अँड ड्रॅगन्स, फासे टाकून आणि पात्रं वठवून खेळायचा खेळ) खेळतो, पाचवी आवृत्ती. डीएम, म्हणजे गोष्ट चालवणारा, मीच. तयार साहसं आता पुरे झाली. पुढचं कॅम्पेन, म्हणजे अनेक रविवार चालणारी सलग कथा, एखाद्या जुन्या दंतकथेवर करावं असं फार मनात आहे. ब्रिटनचा राजा आर्थर, फ्रँकांचा राजा शार्लमेन, नाहीतर आपल्याकडचं काही. अडचण अशी, की दोघांना आर्थरची गोष्ट तोंडपाठ आहे आणि बाकीच्यांना त्यातली नावंही माहीत नाहीत. ग्रुपमध्ये हिंदू-मुसलमान दोन्ही आहेत, कुणाला लागेल असं काही नको. नवीन पुस्तकांवर खर्च करणंही जमणार नाही. काय सुचवाल?

वीरगळ (सातारा)
कथेत राक्षस किती आहेत ते बघू नका, अट कोणती आहे ते बघा. खेळ त्या अटीवर उभा राहतो.

आर्थरचा सरदार गवेन याची कथा घ्या. आर्थरच्या दरबारात नाताळची मेजवानी चाललीय. हिरव्या अंगाचा एक सरदार आत येतो आणि म्हणतो, माझ्या मानेवर एक घाव घाला, वर्ष आणि एक दिवसानं तोच घाव माझ्याकडून घ्यायचा. गवेन त्याचं मुंडकं उडवतो. तो ते उचलतो, भेटीची आठवण करून देतो आणि निघून जातो. आता त्याचे हिट पॉइंट (किती मार झेलेल तो आकडा) किती याला काही अर्थ आहे का? शब्द दिलाय. वर्षभर तो डोक्यावर घेऊन फिरायचं, आणि मुदत भरली की मान द्यायला स्वतःच्या पायांनी जायचं.

फ्रान्समधल्या मेल्युझिनचंही तसंच. शनिवारी मला बघायचं नाही, एवढ्याच अटीवर ती लग्न करते. ती लुझिन्यां नावाचा किल्ला उभारते, घराणं भरभराटीला येतं. मग नवरा एका शनिवारी डोकावतो, आणि कमरेखाली सर्पदेह असलेली बायको त्याला दिसते. तुमचे खेळाडू त्या घराण्याचे चाकर असले तर? धन्याला आवरायचं की त्याच्याबरोबर दाराशी उभं राहायचं, यावर दोन-तीन सेशन सहज रंगतील.

ज्यांना आर्थर पाठ आहे त्यांच्यासाठी आर्थर, लान्सलॉट यांना लांबच ठेवा. कुठल्यातरी कोपऱ्यातल्या लहान सरदाराचा वाडा द्या. राजधानीतल्या बातम्या तिथे उशिरा आणि अर्धवट पोचतील, म्हणजे ज्याला शेवट माहीत आहे त्यालाही आपलं काय होणार ते कळणार नाही.

ग्रेग स्टॅफर्डचा ‘पेंड्रॅगन’ (1985) हा खेळ खास आर्थरसाठीच केलेला आहे. त्यात दया-क्रौर्य, शौर्य-भित्रेपणा अशा स्वभावाच्या जोड्या असतात आणि प्रत्येक जोडीची बेरीज 20. एक वाढलं की दुसरं घटतं. साधारण वर्षाला एक साहस, मग हिवाळ्यात जमीन, घर, लेकरं यांचा हिशेब. बाप गेला की मुलगा खेळात उतरतो. हा हिवाळ्याचा हिशेब पाचव्या आवृत्तीला सहज जोडता येतो. आणि त्या आवृत्तीचे मूळ नियम मोफत मिळतात, 2023 पासून क्रिएटिव्ह कॉमन्सच्या खुल्या परवान्यावर आहेत, तेव्हा खर्चाचं मनात आणू नका.

माणदेशी
शार्लमेन घेणार असाल तर एक गोष्ट आधीच ठरवा. 778 साली पिरेनीज डोंगरांच्या खिंडीत शार्लमेनचा सरदार रोलां याची पिछाडी कापली ती डोंगरातल्या बास्क लोकांनी. तीनएकशे वर्षांनी रचलेल्या काव्यात त्यांच्या जागी मुसलमान सैन्य आलं, तेही मूर्तिपूजक म्हणून रंगवलेलं! हे जसंच्या तसं टेबलावर आणू नका. 778 ची खिंड घ्या: वरून दगड येतायत, पाठीमागे सामानाच्या गाड्या, आणि मदतीचं शिंग फुंकायला तयार नसलेला मानी सेनापती. कुणाचा धर्म मध्ये न आणता कथेतला सगळा जोर तुमच्या हातात राहतो.

कृष्णाकाठ
अहो, सांगलीत बसून एवढ्या लांब कशाला जाता? नाथांच्या कथा बघा की. मच्छिंद्रनाथ स्त्रीराज्यात राणीपाशी गुंतलेत. गोरख स्त्रीवेषात नाचगाण्याच्या मेळ्यातून आत शिरतो आणि त्याच्या मृदंगातून बोल निघतात, ‘चलो मच्छिंदर गोरख आया’. सुटका करायचीय, पण ज्याला सोडवायचं तोच यायला तयार नाही. राणी आहे, लहानगा मीननाथ आहे, त्यांचं काय? यापेक्षा अवघड साहस मला तरी माहीत नाही. वाळव्याकडे मच्छिंद्रगड आहे, वर नाथांचं देऊळ आहे. एकदा सगळे मिळून जाऊन या.

वीरगळदादांची अट हवी असेल तर बत्तीस शिराळा. घरातली बाई मातीच्या नागाची पूजा करत होती, म्हणून भिक्षेला आलेल्या गोरखनाथांना दाराशी थांबावं लागलं. त्यांनी विचारलं, जिवंत नागाची करशील का? तिथून जिवंत नागाची पूजा सुरू झाली असं सांगतात.

हळदीचं पेव
ताई, शिराळा डोक्यातच नव्हतं. फार आवडलं. पण आमच्या आजीच्या देव्हाऱ्यात नाथांची तसबीर आहे. त्यांना एनपीसी (डीएमनं चालवायचं पात्र) करणं मला पटणार नाही.

कृष्णाकाठ
करूच नका. नाथांना आकडे नकोत, संवाद नकोत, फासे तर नकोतच. ते येऊन गेल्यानंतरचा मुलूख दाखवा. त्यांनी घालून दिलेला शब्द गावात आहे, तो पाळणारी माणसं आहेत, तेवढं बास. बाकी गाव, वाडी, माणसं मनानं उभी करा, म्हणजे खऱ्या ठिकाणावर काही येत नाही.

वीरगळ (सातारा)
काळ 1212 च्या आसपासचा धरा. शिलाहार राजा दुसरा भोज देवगिरीच्या सिंघण यादवापुढे हरलाय, जुने ठाणेदार पळालेत, नवे अजून आलेले नाहीत. गावानं नागाला शब्द दिलाय आणि या पंचमीला नाग आलाच नाही. तुमचे पाच जण त्याच गावचे.

गावकुसाजवळ एक वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीराचा स्मृतिदगड, ठेवा. अशा दगडावर खाली लढाई, कधी सोडवून आणलेल्या गाई, मध्ये वीराला वर नेणाऱ्या अप्सरा, सगळ्यात वर शिवलिंगाची पूजा कोरलेली असते. कॅम्पेनमध्ये एखादं पात्र मेलं तर त्या खेळाडूनं आपल्या वीरगळीच्या तिन्ही चौकटींत काय कोरायचं ते सांगायचं. पुढचं पात्र त्याच घरातलं घ्या, त्याला तो दगड रोज दिसेल.

हळदीचं पेव
ठरलं, हेच करतो. पहिल्या रविवारी पाचही जणांकडून गावाच्या वतीनं शब्द वदवून घेतो, साहस त्यानंतर. यादवांचे ठाणेदार कसे दाखवावेत यावर कुणाला सुचलं तर लिहा.