मदत हवी आहे: द्राक्षबागेतली गांडुळं गेली, बोर्डोच्या (मोरचूद-चुन्याचं बुरशीनाशक) फवारणीतल्या तांब्यामुळे असेल का?

नमस्कार मंडळी. दिंडोरी तालुक्यात आमची दोन एकर द्राक्षबाग आहे, लागवड २० वर्षांपूर्वीची. त्याआधी त्या रानात टोमॅटो-गहू व्हायचा. सासरे सांगतात, नांगर घातला की बगळ्यांची रांग मागे लागायची.

परवा वाफसा आल्यावर बोदावर (वेलींच्या ओळीखालचा मातीचा वरंबा) फूट-फूटभराचे तीन खड्डे घेतले. तिन्हींत मिळून एक गांडूळ. बांधावरच्या आंब्याखाली तेवढ्याच एका खड्ड्यात चौदा मोजली. त्याहून जास्त जीवाला लागली ती पानं. गेल्या छाटणीची पानं बोदावर थरावर थर तशीच पडलीत, शिरा शाबूत, देठाजवळ बोर्डोचा निळसर डाग अजून दिसतो. आंब्याखालचं पान चिमटीत धरलं की चुरा होतो.

वहीतून हिशेब काढला. छाटणीनंतर बोर्डोने वेली धुणं, मग पावसाळ्यात डाऊनी (केवडा) रोगासाठी, सगळं धरून एकरी वर्षाला २० किलोच्या आसपास मोरचूद (तांब्याचा क्षार) जातो. माती परीक्षणात तांब्यापुढे दरवेळी ‘भरपूर’ येतं आणि आम्ही ते चांगलंच समजत आलो. मागच्या वर्षी गांडूळखताच्या बेडमधली पाच किलो गांडुळं विकत आणून सोडली, महिन्याभरात एक दिसेना. ओळींमध्ये ताग पेरला, तर मुळांवर नत्राच्या गाठी तुरळक, फोडल्या की आतून पांढुरक्या, चांगल्या गाठीसारख्या गुलाबी नाहीत. तणनाशक पाच वर्षं बंद आहे.

हे तांब्याचंच का? आणि ते मातीतून काढता येतं का? कुणी सांगेल का, फार काळजी लागली आहे.

प्रतिसाद

ताई, तुमची शंका रास्त आहे. मोरचुदात चौथा हिस्सा तांबं. म्हणजे वर्षाला एकरी ५ किलो, २० वर्षांत १०० किलो. एकराच्या वरच्या सहा इंचांत साधारण ८ लाख किलो माती असते, तेव्हा १२५ पीपीएमपर्यंत (किलोभर मातीत १२५ मिलिग्रॅम) भर पडली असणार. तांबं पाण्याबरोबर फारसं खाली उतरत नाही, सेंद्रिय पदार्थाला आणि चिकणमातीला धरून वरच राहतं. युरोपात २०१९ पासून हेक्टरी सात वर्षांत २८ किलोची मर्यादा आहे, ती एकरी वर्षाला १.६ किलो होते.

रिपोर्टमधलं ‘भरपूर’ म्हणजे पिकाला तांबं कमी पडत नाही, एवढंच. प्रयोगशाळेकडून एकूण तांबं मोजून घ्या. आंब्याखालचाही नमुना द्या, कारण आपल्या बेसाल्टच्या मातीत मुळातच तांबं असतं.

गांडूळ माती खातं आणि त्याची कातडी सतत ओली, त्यामुळे तांबं दोन्हीकडून आत जातं. मोठी गांडुळं लगेच मरत नाहीत. आधी अंड्यांचे कोष कमी होतात, पिल्लं होत नाहीत, उरलेली जागा सोडतात. मग पानं कुजवायला कोण राहतं? विकतच्या गांडुळांवरून मात्र काही ठरवू नका, ती शेणा-कचऱ्यात राहणारी जात, चांगल्या रानातही मातीत टिकत नाही.

गाठींचं म्हणाल तर, इंग्लंडमध्ये वोबर्नला १९४२ ते १९६१ शेतात सांडपाण्याचा गाळ टाकत होते. त्यातून जस्त, कॅडमियम, तांबं साठलं. गाळ बंद होऊन वीसेक वर्षं झाली तरी क्लोव्हर या तागासारख्याच द्विदल पिकाच्या गाठी नत्र धरत नव्हत्या, कारण तग धरलेला रायझोबियम (गाठींतला नत्र धरणारा जीवाणू) कामाचा नव्हता. पण नत्रखत जास्त झालं तरी गाठी कमी येतात, ते आधी तपासा.

घरी एक करून पाहा. ट्रेमध्ये मधोमध पुठ्ठा उभा करा, एका बाजूला बागेची माती, दुसरीकडे आंब्याखालची, ओल सारखी. पुठ्ठा काढून मधल्या रेषेवर बांधावरचीच दहा गांडुळं सोडा. ४८ तासांनी पुठ्ठा परत खोचून दोन्हीकडची मोजा. बागेच्या बाजूला फारच कमी निघाली, तर ती माती त्यांना नकोशी आहे.

तांबं काढता येत नाही, पण शेणखत-कंपोस्टने बांधून ठेवता येतं. सामू (पीएच) उतरू देऊ नका, म्हणजे माती आम्लाकडे जाऊ देऊ नका, उतरला की ते मोकळं होतं. आणि मोरचूद हळूहळू कमी करा. एकदम बंद केला तर डाऊनी बाग खाईल.

धागाकर्ती

भाऊ, मनापासून आभार. ट्रे आजच लावते. ठिबक धुवायला आम्ही आम्ल सोडतो, त्याच्या तोटीखालीच बोद आहे, हे कधी मनात आलं नव्हतं. नमुने बोदावरचे आणि ओळींमधले वेगळे द्यायचे का? आणि किती खोलीवरचे?