वावरातली लाल माती, चुनखडे आणि गोल गोटे

वखरवाला:
आमचं वावर वरोरा तालुक्यात, पिसदुऱ्याजवळ. वरचा भाग काळा, ओढ्याकडचा लाल. लाल भागात वखर धरला की पांढरे चुनखडे निघतात आणि मध्येच बटाट्याएवढे राखाडी गोटे, एका टोकाला निमुळते. बाबांनी वर्षानुवर्षं वेचून धुऱ्यावर त्यांचा ढीग केलाय. बियाणं तेच, खत तेच, तरी लाल भागातलं सोयाबीन कोवळेपणीच पिवळं पडतं, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. गोट्यांचा आणि याचा काही संबंध?

खडकवेडी:
दादा, तो ढीग आधी जपा! वरची काळी माती बेसाल्ट, म्हणजे थिजलेल्या लाव्ह्याचा काळा दगड, झिजून झाली. लाल माती त्या बेसाल्टच्या खालच्या लमेटा थराची. लाव्हा पसरण्याआधी, साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीपर्यंत, साचलेला हा गाळ. कोरड्या दिवसांत त्यात चुना साकळला, तेच तुमचे चुनखडे.

आणि तुम्ही सांगता तसे गोटे पिसदुऱ्यात डायनासोरच्या शेणाचे असतात, दगड झालेले. २००५ साली शास्त्रज्ञ वंदना प्रसाद आणि सहकाऱ्यांना अशाच गोट्यांत गवतातले सिलिकाचे सूक्ष्म कण सापडले. पात्याने बोट कापतं ना, त्यामागे हीच सिलिका. डायनासोर गवत खात होते याचा तो पहिला पुरावा, आणि तो तुमच्या शिवारातला! जवळच्या डोंगरगावला तर एका अजस्र डायनासोरची बरीच हाडं निघाली, त्याला आता इसिसॉरस म्हणतात. गोटे फोडू नका, विकू नका. कुठला गोटा कुठून निघाला ते लिहून ठेवा आणि नागपूरच्या भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या कार्यालयाला कळवा.

कापूसतूर:
पिवळेपणा गोट्यांमुळे नाही, चुन्यामुळे. लोह जमिनीत असतं, पण चुनखडीत पिकाला उचलता येत नाही. शेंडे पिवळे, शिरा हिरव्या, ही त्याचीच खूण. हिराकसची (फेरस सल्फेट) अर्धा टक्क्याची फवारणी करा, सायट्रिक ॲसिड मिसळून. शेणखत सोडू नका. आधी मातीपरीक्षणात मुक्त चुना किती ते बघा.

वखरवाला:
आज चुनखड्यावर लिंबू पिळलं, फसफसून फेस आला. काळ्या मातीतल्या खड्यावर तसं काही झालं नाही. हिराकस उद्या आणतो. बाबांना शेणाचं सांगितलं तर ते उठून थेट धुऱ्यावर गेले. आता ढिगाभोवती बोरीच्या काट्या लावताहेत, गुरं जाऊ नयेत म्हणून.