सिमेंटविना काँक्रीट: ठोकळा पास झाला, सळईचं काय?

वर्धाकाठ (धागाकर्ता):
जिओपॉलिमर, म्हणजे सिमेंटऐवजी राख आणि स्लॅग वापरून केलेलं काँक्रीट. त्याबद्दल 'राखेचं घर शेवटी राखच होणार,' असं इथे एकाने लिहिलं होतं आणि बऱ्याच जणांनी त्याला दुजोराही दिला. मला ते अजिबात पटलेलं नाही, म्हणून हा धागा.

औष्णिक केंद्रातली फ्लाय ॲश (कोळशाची बारीक राख) आणि पोलाद कारखान्यातला दळलेला स्लॅग (भट्टीतली मळी) यांत कास्टिक सोडा व सोडियम सिलिकेटचं द्रावण मिसळलं, की त्यातले सिलिका आणि ॲल्युमिना विरघळून पुन्हा एकमेकांत गुंततात. सिमेंटचा कणही न घालता माल दगडासारखा घट्ट होतो. 'जिओपॉलिमर' हे नाव १९७० च्या दशकात जोसेफ दाविदोविट्स यांनी दिलं. स्लॅगवरचं असंच काम कीव्हमध्ये व्हिक्टर ग्लुखोव्स्की यांनी त्याआधीच, १९५० च्या दशकात सुरू केलं होतं आणि सोव्हिएत काळात त्यातून इमारतीही उभ्या राहिल्या.

ताकदीबद्दल शंका घेण्याचे दिवस गेले. ६० ते ८० अंशांवर दिवसभर तापवलेला राखेचा चाचणीचा ठोकळा दुसऱ्याच दिवशी ४० मेगापास्कल (दाब सोसण्याचं माप) देऊ शकतो. तेवढ्याच ताकदीच्या साध्या सिमेंट काँक्रीटसाठी (एम-४०) आपण २८ दिवस थांबतो. ऑस्ट्रेलियात टूवूंबाजवळच्या वेलकॅम्प विमानतळावर २०१४ मध्ये असं सुमारे ४०,००० घनमीटर काँक्रीट वापरलं गेलं, आणि तिथे बोइंग ७४७ मालवाहू विमानं उतरली आहेत. इकडे चुनखडी भाजून सिमेंट करण्यात जगाच्या कार्बन डायऑक्साइडचा ७-८ टक्के वाटा जातो. चंद्रपूर, कोराडी, भुसावळ इथे राखेची कमी नाही. मग घरं का बांधत नाही आपण यातून?

साइटवाला:
वर्धाकाठ, विमानतळाचं उदाहरण नेहमी अर्धंच सांगितलं जातं. तिथली मुख्य धावपट्टी डांबरी आहे. जिओपॉलिमर आहे ते टॅक्सी-वे, एप्रन (विमानं उभी करायची जागा) आणि विमान वळवायच्या जागी. म्हणजे जमिनीवर बसलेली जाड फरसबंदी. खांब-तुळईची गोष्टच वेगळी, तिथे आत सळई असते आणि सारा जीव त्या सळईत असतो.

सिमेंट भिजून घट्ट होताना भरपूर चुना सुटतो. तो चुना काँक्रीटचा पीएच (अल्कलीचं माप) साडेबाराच्या आसपास धरून ठेवतो, त्यामुळे सळईवर संरक्षक पापुद्रा टिकतो. हवेतला कार्बन डायऑक्साइड आत शिरला तर त्याची गाठ आधी या चुन्याशी पडते. जिओपॉलिमरमध्ये हा साठाच नाही. पीएच नऊच्या घरात आला की पापुद्रा गेला, गंज सुरू. गंजलेली सळई फुगते आणि कव्हर, म्हणजे सळईवरचा काँक्रीटचा थर, उडवते. तुमचा ठोकळा तेव्हाही ४० देत असेल, पण बाल्कनी खाली आलेली असेल.

खाडीकाठ:
साइटवाला बरोबर बोलताहेत, पण टिकाऊ म्हणजे कशापुढे टिकाऊ, हे आधी ठरवा. भुयारी गटाराचं जुनं चेंबर उघडून छताकडे बघा कधी. वरचा थर ओल्या खडूसारखा झालेला असतो, नखाने खरवडला तरी निघतो, आणि खडी उघडी पडलेली असते. सांडपाण्यातून हायड्रोजन सल्फाइड निघतो, भिंतीवरचे जिवाणू त्याचं सल्फ्युरिक आम्ल करतात आणि ते आम्ल सिमेंटमधला चुना खातं. इथे चुना नसणं हाच जिओपॉलिमरचा फायदा! कमी कॅल्शियमचा, राखेचा माल आम्लापुढे साध्या सिमेंटपेक्षा कितीतरी बरा टिकतो. आगीपुढेही. गटाराची चेंबर्स, पाइप, रासायनिक कारखान्यांच्या फरशा इथे आपण अजून सिमेंटच का ओततोय, याचा मला खरोखर राग येतो.

कोल्हापूरकर:
रोमन लोकांकडे कुठे होतं आजचं सिमेंट? चुना आणि ज्वालामुखीची राख, एवढ्यावर पँथिऑन जवळजवळ १९०० वर्षं उभं आहे.

साइटवाला:
४३ मीटरच्या त्या घुमटात सळई नाही, दादा. म्हणूनच गंजायलाही काही नाही.

आणि आमच्या साइटचं कुणीच बोलत नाही. स्लॅबच्या दिवशी माल जरा घट्ट वाटला की बिगारी बादलीभर पाणी घालतो, मुकादम बघून न बघितल्यासारखं करतो. हे चूकच आहे, पण सिमेंट थोडंफार सांभाळून घेतं. इथे पाणी वाढलं की द्रावण पातळ होतं आणि रसायनच बिघडतं. माल चिकट असतो, माल सैल करणारे नेहमीचे प्लास्टिसायझर नीट चालत नाहीत, स्लॅग जास्त असेल तर तयार काँक्रीटची (आरएमसी) गाडी ट्रॅफिकमध्ये अडकेपर्यंत माल बसायला लागतो. कास्टिकचा एक शिंतोडा डोळ्यात गेला तर माणसाचा डोळा जाऊ शकतो. ज्यांना आपण साधे हातमोजे देत नाही, त्यांच्या हाती हे द्यायचं? माझा याला पूर्ण विरोध आहे.

प्रज्ञा_स्ट्रक्चर:
साइटवालांचा मजुरांबद्दलचा मुद्दा मला सगळ्यात वजनदार वाटतो. पण त्यातून निघतं ते एवढंच, की हे काम साइटवर न करता कारखान्यात करा. भारतीय मानक आयएस १७४५२ (२०२०) अल्कलीने चेतवलेल्या, म्हणजे अशाच काँक्रीटच्या प्रीकास्ट (कारखान्यात ओतून आणलेल्या) वस्तूंसाठीच आहे. पेव्हर (फुटपाथचे ठोकळे), कर्ब (रस्त्याकडेचे दगड) अशा. द्रावण बंद टाकीत, वाफेची सोय तिथेच, पाणी मोजून.

घराच्या खांबांवर मात्र मी आज सही करणार नाही. काँक्रीटच्या भारतीय संहितेत, आयएस ४५६ (२०००) मध्ये, आरसीसीसाठी (सळईच्या काँक्रीटसाठी) किमान सिमेंटच ठरवून दिलंय, तीव्र हवामानात घनमीटरला ३२० किलो. सिमेंट शून्य असेल तर मी हिशेब कुठल्या तक्त्याने करू?

दुसरं, चाचण्या. सळई गंजवणारं क्लोराइड काँक्रीटमध्ये किती शिरेल, हे बघायची आपली नेहमीची झटपट चाचणी वीज किती वाहते ते बघते. जिओपॉलिमरच्या छिद्रांतलं पाणी क्षारांनी भरलेलं असतं, त्यामुळे ती चाचणी इथे दिशाभूल करते. कार्बोनेशनची (हवेतला कार्बन डायऑक्साइड शिरून अल्कली संपण्याची) वेगवान चाचणीही जास्त कार्बन डायऑक्साइड सोडून केली तर माल आहे त्याहून वाईट दाखवते. म्हणजे निंदा करणारे आणि डोक्यावर घेणारे, दोघेही चुकीच्या आकड्यांवर भांडतात.

वर्धाकाठ:
प्रज्ञाताई, मग सोव्हिएत काळातल्या बांधकामांचं काय? काही दशकांनी काढलेल्या नमुन्यांत ताकद वाढलेली आढळली आहे.

प्रज्ञा_स्ट्रक्चर:
हो, आणि ते आशादायक आहे. पण ते स्लॅगचं, कॅल्शियम भरपूर असलेलं काँक्रीट. चंद्रपूरच्या राखेचा माल म्हणजे वेगळंच रसायन. एकाची पुण्याई दुसऱ्याच्या खात्यावर जमा करता येत नाही. शिवाय स्लॅगचं आकुंचन जास्त, तडे जातात, आणि तड्यातून पाणी थेट सळईपर्यंत.

साइटवाला:
राखेचंही सांगा. पीपीसी (राख मिसळलेल्या) सिमेंटमध्ये ३५ टक्क्यांपर्यंत राख चालते, स्लॅग सिमेंटमध्ये ७० टक्क्यांपर्यंत स्लॅग. चांगली कोरडी राख तिकडेच जाते. केंद्राच्या राखेच्या तळ्यात साठते ती ओली आणि जाडीभरडी.

वर्धाकाठ:
मान्य. पण तळ्यातली राख वाळवून, दळून वापरता येते, त्यावर खर्च करायची तयारी हवी. आमच्याकडे उन्हाळ्यात ती राख उडून अंगणात आणि कपाशीवर बसते, हा खर्च कुणी धरतच नाही.

खांब सोडून देतो. महापालिकांच्या निविदांत पेव्हर आणि गटाराची चेंबर्स जिओपॉलिमरची चालतील, असं एक कलम घालायला कुणाची हरकत आहे का?

साइटवाला:
पेव्हरला माझी हरकत नाही. पण चेंबरच्या झाकणात सळई असते. तिथे कव्हर वाढवून मागा, आणि दर दोन वर्षांनी एखादं झाकण फोडून ताज्या कापावर फिनॉल्फ्थॅलिन (अल्कली दाखवणारा रंगद्रव) फवारा. गुलाबी झालं तिथे अल्कली शाबूत, रंग चढला नाही तिथे ती संपली. बिनरंगी पट्टा सळईच्या किती जवळ आला, ते मिलिमीटरमध्ये लिहून ठेवायचं. हे कलमात असेल तर माझा पाठिंबा धरा.